रोलाय इन्फ्रारेड ४००: साताऱ्याच्या उन्हात, होया आर७२ लावून

काळ्या आभाळाखाली पांढरीशुभ्र झाडं हवी असतील आणि ती डिजिटल कॅमेऱ्यातून न येता निगेटिव्हवर यायला हवी असतील, तर आज बाजारात अवरक्त (इन्फ्रारेड) फिल्मचे पर्याय मोजकेच उरलेत. कोडॅकची एचआयई २००७ साली बंद झाली. एफके फिल्म बनवणारी क्रोएशियातली फोटोकेमिका कंपनी २०१२ साली थांबली आणि तिच्याबरोबर एफके आयआर ८२० गेली. उरल्या मुख्यतः दोन: इलफर्डची एसएफएक्स २०० आणि रोलाय इन्फ्रारेड ४००. इथं परीक्षण दुसरीचं आहे. पहिलीशी तुलना ओघात येईलच.

रोलाय हे फक्त डब्यावरचं नाव. फिल्म बेल्जियममधल्या ॲग्फा-गेव्हार्टकडे बनते आणि विमानातून जमिनीचे फोटो काढण्यासाठी असलेल्या एव्हिफॉट कुळातली आहे. हे माहीत असलं की तिचे बरेचसे गुणदोष आधीच कळतात. उंचावरून धूसर हवेतून जमीन स्पष्ट दिसावी म्हणून तिची नजर तांबड्याच्या पलीकडे वाढवलेली आहे, कॉन्ट्रास्ट मुळातच चढा आहे आणि पाया पॉलिएस्टरचा आहे. तिन्ही गोष्टी निसर्गचित्रणात कामी येतात, आणि तिन्ही त्रासही देतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकावा. या फिल्मला उष्णता दिसत नाही. तापलेला कातळ आणि गार कातळ तिला सारखेच. कंपनी संवेदनशीलता ८२० नॅनोमीटरपर्यंत सांगते, पण ७५० च्या पुढं ती झपाट्यानं घसरते. तिला दिसतो तो सूर्याचाच प्रकाश, आपल्या डोळ्यांच्या हद्दीच्या जरासा पलीकडचा. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषतं, पण ७०० नॅनोमीटरच्या पुढं त्याचं शोषणं एकदम थांबतं. मग तो प्रकाश पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांमध्ये विखुरतो आणि बाहेर फेकला जातो. म्हणून झाड पांढरं येतं. याला वुड परिणाम म्हणतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९१० साली असे पहिले फोटो प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडलं. बर्फासारख्या त्या पांढरेपणाचं कारण एवढंच, पण रोल विकत घेण्याआधी ते समजून घ्यावं, कारण फिल्टर कुठला घ्यायचा हे त्यावरूनच ठरतं.

फिल्टरशिवाय ही साधी काळी-पांढरी फिल्म आहे, आणि तशी वापरायची असेल तर पैसे वाया. साध्या रोलपेक्षा ती बरीच महाग पडते आणि ४०० चा वेगही (आयएसओ) कागदावरचाच वाटतो. सावल्यांत तपशील हवा असेल तर २०० धरूनच मीटर करावं. २५ नंबरचा लाल फिल्टर लावला तर आभाळ गडद होतं, पानं किंचित उजळतात, पण असा फोटो कुठल्याही चांगल्या फिल्मवर मिळतो. खरी गंमत सुरू होते ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरनं, म्हणजे होया आर७२ किंवा त्याच्या बरोबरीचा ८९बी. ऑनलाइन ६८०, ७२०, ७६०, ८५०, ९५० असे स्वस्त फिल्टर एकाच पानावर ओळीनं विकायला असतात. अवरक्त प्रकाशासाठी डिजिटल कॅमेरा बदलून घेतलेल्यांसाठी ते ठीक. या फिल्मवर ७६० लावला तर निगेटिव्ह जवळजवळ कोरी येईल आणि ८५० किंवा ९५० लावला तर पूर्णच कोरी, कारण फिल्मची नजर जिथं संपते तिथून पुढं हे फिल्टर उघडतात. स्वस्तातला फिल्टर खरंच ७२० चा आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. दिवसा उजेडी खिडकीकडे धरून त्यातून पाहा, सूर्याकडे मात्र अजिबात नाही. अगदी गडद तांबडं दृश्य दिसलं तर ७२० च्या आसपासचा आहे. काहीच दिसलं नाही तर परत पाठवा.

फिल्टर आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यावा आणि बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावाव्यात. जुन्या निकॉन लेन्सना बहुतेक ५२ मिलिमीटर, पेंटॅक्सला ४९ किंवा ५२. एक ५८ चा घेतला तर दोन्ही कंपन्यांच्या लेन्सना चालतो.

आता एक्स्पोजर. कॅमेऱ्यातल्या मीटरवर फिल्टर लावून विश्वास ठेवू नये. मीटरचा सेल फिल्मपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश पाहतो, त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि निगेटिव्ह पातळ येते. फिल्टर काढून कॅमेऱ्याच्या मीटरवर, किंवा हातातल्या मीटरवर किंवा फोनमधल्या ॲपवर वेग १२ ठेवून मीटर करायचं. दिवाळीनंतरच्या निरभ्र दुपारी साताऱ्यात एफ ११ ला १/३० सेकंद हे १२ च्या वेगाचं गणित येतं. तिथून सुरुवात करून १/१५ आणि १/८ असे आणखी दोन फोटो घ्यावेत. बहुतेक वेळा मधला छापायला सर्वांत सोपा जातो, पण अवरक्त प्रकाशाचं प्रमाण ऋतू, वेळ आणि हवेतली वाफ यांनुसार बदलतं आणि कुठलंही मीटर ते सांगत नाही. म्हणजे एका दृश्याला तीन फोटो. ३६ च्या रोलमध्ये बारा दृश्यं, आणि १२० रोलवर सहा बाय सहाची फक्त चार. खर्चाचा हिशेब असाच धरावा, डब्यावरच्या ३६ आकड्यावर जाऊ नये.

एसएफएक्स २०० इथं कमी पडते. तिची संवेदनशीलता ७४० पर्यंतच, आणि पानाचा पांढरेपणा ७०० ते ७५० च्या दरम्यान चढत जातो. म्हणजे चढण अर्धी झाली तोच तिची नजर संपते. आर७२ लावल्यावर तिच्यासाठी उरतो तो अगदी अरुंद पट्टा. वेग ६ किंवा त्याहून कमी धरावा लागतो आणि झाडं पांढरी न येता फिक्या राखाडी रंगाची येतात. तिचीही बाजू आहे: टोन मऊ, पाया नेहमीच्या ॲसिटेटचा, हाताळणी सोपी, आणि इलफर्डची माहितीपत्रकं चोख. लांब एक्स्पोजरसाठी मीटरनं दाखवलेल्या सेकंदांचा १.४३ वा घात करा असं ते सरळ सांगतात. मीटर ४ सेकंद म्हणालं तर सुमारे ७ द्यायचे, ८ म्हणालं तर सुमारे २०. ज्यांना परिणाम हलका हवा आहे त्यांनी तीच घ्यावी. पांढऱ्या झाडांसाठी मात्र रोलायच.

कॅमेऱ्यात रोल भरणं हा या फिल्मचा सगळ्यात नाजूक भाग. पॉलिएस्टरचा पाया पारदर्शक असतो आणि काचेच्या तंतूसारखा उजेड आत वाहून नेतो. डब्यातून बाहेर आलेल्या टोकावर ऊन पडलं की ते आतल्या वेटोळ्यांपर्यंत पोचतं आणि सुरुवातीच्या फोटोंवर पांढरट पट्टे उमटतात. पठारावर उभं राहून रोल बदलायचा नाही. गाडीत बसून, काचेवर चादर टाकून किंवा काळ्या पिशवीत भरावा. रोल गडद डबीतून शेवटच्या क्षणी काढावा, आणि मागचं झाकण लावल्यावर दोनऐवजी चार वेळा पुढं सरकवावा. दोन फोटो गेले तरी चालतील. रोल संपल्यावर टोक पूर्ण आत ओढून घ्यावं, बाहेर ठेवू नये. आणखी एक: ही फिल्म हातानं फाटत नाही. रोल संपल्यावर ॲडव्हान्सचा खटका अडला तर जोर लावू नका. ॲसिटेटची फिल्म तुटते, ही तुटत नाही, कॅमेऱ्यातला दातेरी गिअर तुटतो.

ज्यांच्या घरी वडिलांचा ॲग्फा क्लिक किंवा घडीचा जुना १२० कॅमेरा पडून आहे त्यांना तो या कामाला काढायचा मोह होईल. चालेल, पण पाठीमागची लाल खिडकी काळ्या टेपनं बंद करा. ती लाल काच साध्या फिल्मसाठी आहे. तिच्यातून येणारा तांबडा आणि अवरक्त प्रकाश कागद पार करून या फिल्मवर आकड्यांसकट छाप सोडतो. टेप फक्त रोल सरकवताना, सावलीत, क्षणभर उचलायची. ऑटोफोकस कॅमेरा असेल तर मॅन्युअल वाचा. कॅननच्या अनेक ईओएस फिल्म कॅमेऱ्यांत छिद्रं मोजायला अवरक्त दिवा असतो आणि मॅन्युअलमध्येच अशी फिल्म वापरू नका असं लिहिलेलं असतं. त्यापेक्षा पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ सारखा साधा यांत्रिक कॅमेरा बरा.

फोकसचा मुद्दा लोक उगाच मोठा करतात. अवरक्त प्रकाश फिल्मच्या किंचित मागं एकवटतो, म्हणून जुन्या लेन्सवर लाल ठिपका किंवा आर हे अक्षर असतं. फिल्टर न लावता फोकस करायचं, अंतराचा जो आकडा मधल्या रेघेसमोर आला तो लाल ठिपक्यासमोर आणायचा, मग फिल्टर चढवायचा. या फिल्मची नजर फार पुढं जात नाही, त्यामुळं एफ ११ ला ठिपका विसरलात तरी दूरचं दृश्य वाचतं. एफ ४ ला नाही वाचत. क्रम मात्र पाळावाच लागतो, कारण लेन्समधूनच पाहायच्या एसएलआरमध्ये फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारच असतो. ट्रायपॉड सोडून चालत नाही. रेंजफाइंडर किंवा दोन भिंगांच्या यशिकावर अंधाराची ही अडचण येत नाही.

आता साताऱ्यात हे सगळं कुठं आणि कधी.

पहिलं नाव सगळे घेतात कासचं, आणि फुलांच्या हंगामात तिथं ही फिल्म नेणं म्हणजे रोल फुकट घालवणं. कारण दोन. ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावर ढग आणि धुकं असतं, आणि सूर्य नसेल तर वुड परिणाम निम्म्यावर येतो. दुसरं कारण जास्त मूलभूत: पाकळ्याही अवरक्त प्रकाश परतवतात. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा, सगळे रंग फिल्मला पांढरे, आणि आजूबाजूचं गवतही पांढरं. फुलांचा गालिचा निगेटिव्हवर दिसतच नाही. रंगांसाठी रंगीत फिल्म न्या. ऑक्टोबरच्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर, गवत अजून पुरतं वाळलेलं नसताना कास तलावाचा काठ मात्र या फिल्मसाठी फार चांगला: पाणी काळंभोर, काठावरची झाडी पांढरी, आणि उघडा जांभा दगड मधल्या राखाडीत. जांभ्यात लोह असतं, तो तांबड्या टोकाला उजळ असतो, म्हणून काळ्या कातळासारखा गडद येत नाही. पठारावर वारा असतो आणि १/१५ ला गवत हलतं. ते आवडत नसेल तर तलावाच्या आडोशाच्या बाजूला उतरा. तोच नियम चाळकेवाडीला. पवनचक्क्यांची पाती १/१५ ला पुसट होतात, आणि ती थांबवायला लागणारा शटरचा वेग आर७२ लावून एफ ११ ला मिळत नाही.

सज्जनगडावरून खाली उरमोडीचं पाणी दिसतं. नोव्हेंबरात हे या फिल्मचं सर्वोत्तम दृश्य, कारण पाणी, झाडी, शेतं आणि आभाळ अशा चार वेगळ्या घनतेच्या गोष्टी एका चौकटीत येतात. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असावा. सूर्यापासून काटकोनातलं आभाळ सर्वांत काळं येतं. साधे फोटोग्राफर दुपारी अकरा ते तीन कॅमेरा पिशवीत ठेवतात, इथं नेमका तोच वेळ कामाचा. क्षितिजालगतचं आभाळ मात्र कधीच पूर्ण काळं होत नाही, तिथं धूळ असते. म्हणून क्षितिज चौकटीत खाली ठेवून वरचं आभाळ जास्त घ्यावं.

धूसर हवा ही फिल्म कापते असं डब्यावर म्हटलं की लोकांना वाटतं धुकंही कापेल. नाही. दूरच्या डोंगरांचा निळसरपणा हा हवेच्या रेणूंनी आणि अगदी बारीक कणांनी विखुरलेला प्रकाश, तो कापला जातो. शेतात पाचट पेटवल्याचा विरळ धूर काही प्रमाणात कापला जातो. पण डिसेंबरच्या पहाटे कृष्णाकाठी दाटणारं धुकं पाण्याच्या थेंबांचं असतं, त्यांचा आकार प्रकाशलहरीपेक्षा मोठा, आणि त्यापुढं ही फिल्मही आपल्या डोळ्यांइतकीच आंधळी.

कृष्णाकाठाला संगम माहुली आणि वाईजवळचा मेणवली घाट ही दोन ठिकाणं दगडासाठी. काळा बेसाल्ट गडद राहतो, वड-पिंपळ पांढरे होतात, पायऱ्यांचे कंगोरे ठळक येतात. इथं चढ्या कॉन्ट्रास्टचा त्रास होतो: मंडपाच्या सावलीत अवरक्त प्रकाश फार कमी पोचतो, ती निगेटिव्हवर पूर्ण कोरी येते. सावलीतला तपशील हवाच असेल तर १/८ किंवा १/४ च्या फोटोवर भर द्या आणि रोल धुताना वेळ कमी करा. सांगलीकडं गेलात तर हळदीची शेतं सप्टेंबर ते डिसेंबर रुंद पानांची, दाट पांढरी येतात. ऊसही चांगला येतो, पण पाती सतत हलतात. तासगावच्या द्राक्षबागा ऑक्टोबर छाटणीनंतर काही आठवडे उघड्या असतात, तेव्हा जाऊ नका. पाला भरल्यावर जा. एप्रिलमध्ये सातारा-सांगलीचे बहुतेक डोंगर पिवळे पडतात. वाळलं गवतही बऱ्यापैकी उजळ येतं, पण मातीही तशीच, म्हणून दोन्हीत फरक उरत नाही. त्या महिन्यांत महाबळेश्वरचं सदाहरित रानच. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग चढू लागले की काळ्या आभाळावर ते असे उभे राहतात की पुऱ्या वर्षात तसं आभाळ पुन्हा मिळत नाही.

रोल धुणं घरीच. काळा-पांढरा रोल जवळ कुणी धुवून देत असेल तरी या फिल्मचा पारदर्शक पाया आणि अंधाराची शिस्त तिथं पाळली जाईलच असं नाही. कॉन्ट्रास्ट चढा असल्यानं मऊ डेव्हलपर हवा, आणि त्यासाठी डी-२३ सारखा स्वस्त आणि सोपा दुसरा नाही. ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात ७.५ ग्रॅम मेटॉल आधी पूर्ण विरघळवायचं, मग १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट थोडं थोडं घालायचं, आणि पाणी एक लिटरपर्यंत भरायचं. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळत नाही. डी-७६ साठी माहितीपत्रकात दिलेला वेळ तसाच वापरावा. डी-२३ मुळातच सौम्य, त्यामुळं कॉन्ट्रास्ट आपोआप उतरतो. डी-७६ च वापरणार असाल तर वेळ १० ते १५ टक्के कमी करा. पहिले ३० सेकंद सतत, नंतर दर मिनिटाला दोनदा टाकी उलटी करायची, याहून जास्त नाही.

तापमान हा आपल्याकडचा खरा प्रश्न. माहितीपत्रकातले वेळ २० अंशांचे असतात आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम. बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून २४ अंशांपर्यंत आणली तरी पुरे, मग वेळ साधारण ३० टक्के कमी करायचा. पण एकूण वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर आभाळात डाग-पट्टे उठतात, आणि या फिल्मवर आभाळ हा फोटोचा अर्धा भाग असतो. फिक्सरसाठी कापलेला टोकाचा तुकडा त्यात टाकून पाहा. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. स्पूलच्या दांड्याला चिकटलेलं टोक कात्रीनं कापा, ओढू नका. शेवटची बुडवणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये, गॅरेजवर बॅटरीसाठी मिळतं तेच. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार काळ्या आभाळात ठिपके होऊन बसतात आणि नंतर निघत नाहीत.

निगेटिव्ह बिघडली तर कडेचे आकडे आधी पाहा. आकडे ठळक आणि फोटो कोरे असतील तर डेव्हलपर ठीक आहे, फिल्टर चुकीचा किंवा एक्स्पोजर अपुरं. आकडेही फिके असतील तर डेव्हलपर थकलेला किंवा फार गार. छिद्रांच्या बाजूनं काळसर धूर सुरुवातीच्या फोटोंपुरताच असेल तर भरताना ऊन लागलं. सगळ्या रोलभर असेल तर कॅमेऱ्याच्या झाकणाचा फोम झिजला आहे. झाडं राखाडी आणि आभाळ पांढरं म्हणजे ढगाळ दिवस, दुसरं काही नाही.

एचआयईच्या जुन्या फोटोंत पांढऱ्या पानांभोवती जे तेज पसरलेलं दिसतं ते इथं अपेक्षू नका. तिला मागून परतणारा उजेड रोखणारा थर नव्हता, हिला आहे. धार स्वच्छ येते, तेज जवळजवळ नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांची निराशा होईल. धरतीचा पोत हवा असणाऱ्यांना हीच जास्त आवडेल.

पॉलिएस्टर वाळल्यावर अगदी सपाट राहतो, स्कॅनरच्या काचेवर ॲसिटेटसारखा गुंडाळत नाही, हा तिचा मोठा गुण. पण स्थिर वीज धरून ठेवतो आणि धूळ ओढतो. स्कॅनरमध्ये धूळ काढायची जी स्वयंचलित सोय असते ती इथं बंदच ठेवा: ती अवरक्त प्रकाशानं धूळ ओळखते, आणि काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरची चांदी तो प्रकाश अडवते, त्यामुळं मशीनला दाट चांदीची पांढरी झाडंच धूळ वाटून ती पुसली जातात. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश घ्या, आणि स्कॅन १६ बिटमध्ये काढा, नाहीतर काळ्या आभाळातले शेवटचे टोन तुटक दिसतात.